ती पिशवी कुणाची?

राहत्या इमारतीत बॉम्बची धमकी आली तर काय होतं आणि काय करावं, याबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत, प्रत्येकाखाली माझं उत्तर. मी बॉम्बशोधक व नाशक पथकात तेवीस वर्षं काढली. पहिली सहा श्वानांबरोबर, पुढची सगळी बॉम्बसूट, म्हणजे स्फोटापासून वाचवणारा जड पोशाख, घालून. जे छापलं तर चुकीच्या हाती पडेल ते सांगणार नाही. बाकी हातचं राखत नाही.

महिन्यापूर्वी रात्री पावणेअकराला आमच्या इमारतीत बॉम्ब असल्याचा फोन आला. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळ्यांना खाली उतरवलं. पहाटे चारपर्यंत आम्ही रस्त्यावर. माझी मुलगी चार वर्षांची, तिच्या अंगात ताप होता. शेवटी निघालं काय, तर दुसऱ्या मजल्यावर डक्टच्या दाराआड कुणीतरी ठेवलेली बॅग आणि तिच्यात जुने चार्जर, वायरी. एवढ्याला पाच तास? एकच माणूस आत जायचा, तोही रमतगमत. बाकीचे गाडीपाशी नुसते उभे. राग येणार नाही तर काय?

ताई, मुलगी आता बरी असेल अशी आशा करतो. तुमचा राग मी मनाला लावून घेत नाही. दोरीच्या पलीकडे उभं राहिलं की तेवढंच दिसतं. म्हणून अलीकडून काय दिसतं ते सांगतो.

आम्ही आल्या आल्या बॅगेकडे जात नाही, आधी माणसांकडे जातो. बॅग पहिल्यांदा कुणी पाहिली, कधी पाहिली, काल होती का, त्या कोपऱ्यात एरवी काय असतं, जिना रोज कोण झाडतं, हे विचारत बसतो. लोकांना वाटतं, हे गप्पा मारताहेत. त्या गप्पांमधूनच आम्हाला कळतं की वर जाऊन नक्की कशासमोर उभं राहायचं आहे. तोवर पोलीस इमारत रिकामी करत असतात, अग्निशमन दलाचे लोक गॅस बंद करतात, रुग्णवाहिका येऊन उभी राहते.

मग शोध सुरू होतो तो तुम्ही उभे असता तिथून. याला कारण आहे. २७ ऑगस्ट १९७९ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये वॉरनपॉइंटजवळ सैनिकांच्या ताफ्यावर स्फोट झाला. वाचलेले आणि मदतीला धावलेले सैनिक आडोसा बघून जवळच्या एका फाटकापाशी जमले. ३२ मिनिटांनी तिथेच दुसरा बॉम्ब फुटला. दोन्ही मिळून १८ सैनिक गेले, आणि त्यातले जास्त दुसऱ्या स्फोटात. लोक घाबरून कुठे जमतील याचा अंदाज बॉम्ब ठेवणाऱ्यानं आधीच केला होता. त्यामुळे तुम्ही मुलीला घेऊन जिथे बसला होतात ती जागा, तिथल्या कचरापेट्या, उभ्या गाड्या, हे सगळं बॅगेच्या आधी कुणीतरी तपासलं होतं.

आता त्या रमतगमत चालणाऱ्या माणसाबद्दल.

शक्य असेल तिथे आम्ही माणसाआधी रोबो पाठवतो. १९७२ मध्ये ब्रिटिश लष्करातले अधिकारी पीटर मिलर यांनी बागकामाच्या विजेवर चालणाऱ्या हातगाडीचा सांगाडा घेऊन पहिला असा रोबो जुळवला. म्हणून त्याचं नावच 'व्हीलबॅरो' पडलं. त्यानं किती जणांचे जीव वाचवले, ते आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. पण तो मुळात मोकळ्या रस्त्यावर, गाडीत ठेवलेल्या बॉम्बसाठी जन्मला. राहत्या इमारतीचा जिना अरुंद, मध्ये वळण, वळणावर चपलांचं कपाट, कुंड्या, लहान मुलाची सायकल. आजचे रोबो जिने चढतात, पण वळणावर अडकून बसलेले मी तीनदा पाहिले आहेत. मग सूट घालावा लागतो.

सुटाचं वजन पस्तीस-चाळीस किलो. छातीवर आणि पोटावर जाड ढाली, मानेला उंच कॉलर, डोक्यावर पंखा बसवलेलं हेल्मेट. तरीही काच धुरकटतेच. मान खाली वाकत नाही, त्यामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. मी पायऱ्या मोजत चढायचो. नऊ, वळण, नऊ, मजला. एकदा वळणावर लहान मुलाची तीनचाकी सायकल आडवी पडली होती. वाकता येत नव्हतं. भिंतीला धरून एक गुडघा टेकला, सायकल बाजूला सरकवली आणि परत उठायला मिनिटभर लागलं. हात मात्र उघडेच असतात. जाड हातमोजे घालून बारीक काम होत नाही. सगळं अंग चिलखतात आणि पुढे काढलेले दोन हात नागडे.

वर पोचल्यावर बॅगेमागे एक्स-रेची प्लेट ठेवायची, समोर यंत्र ठेवायचं आणि खाली यायचं. चित्र लांबून काढायचं. एका कोनातून समजलं नाही की पुन्हा वर जाऊन प्लेट फिरवायची, पुन्हा खाली. तुम्हाला तो माणूस चारदा जाताना दिसला असेल तर तो चार वेगळ्या कामांसाठी गेला होता. तो सावकाश चालतो कारण त्याला घाई करणं शक्य नसतं आणि परवडणारही नसतं. बाकीचे गाडीपाशी उभे राहतात कारण धोक्याच्या टप्प्यात एका वेळी एकच माणूस, हा आमचा नियम. काही झालं तर एकच जावा. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण नियम तोच आहे.

आणि चार्जर, वायरी या 'साध्या' गोष्टींचं म्हणाल, तर एक्स-रेवर त्यांचं चित्र कसं दिसतं ठाऊक आहे? एक सर्किट, तारा, आणि एखादी जुनी बॅटरी. म्हणजे आम्ही ज्याला घाबरतो तेच. बॅगेत नुसते कपडे असते तर तुम्ही अर्ध्या वेळात घरी गेला असता.

मला खरोखर बोलायचं आहे ते याच्या पुढचं. असल्या बॅगेचा मालक बहुतेक वेळा गर्दीतच उभा असतो. माझ्या एका प्रसंगात तो चोविशीचा भाडेकरू होता. घर लहान म्हणून त्यानं जिन्यात बॅग ठेवली होती. आधी त्याला वाटलं बोलणं आपल्या बॅगेबद्दल नाही. मग कळलं, पण तोवर एवढी माणसं, एवढ्या गाड्या, आता पुढे गेलो तर लोक फाडून खातील म्हणून गप्प राहिला. अडीच तास. त्या अडीच तासांत मी तीन वेळा वर जाऊन आलो. त्यानं येऊन 'ती माझी, आत अमुक आहे' एवढं म्हटलं असतं, तर आम्ही खात्री करूनच घेतली असती, पण काम वीस मिनिटांवर आलं असतं. मी त्याच्यावर ओरडलो नाही. त्याला सुटाचं हेल्मेट हातात धरायला दिलं, इतकंच.

आमच्या इमारतीच्या रहिवासी समितीची मी सचिव आहे. धमकीचा फोन किंवा ईमेल माझ्याकडे आला तर पहिल्या पाच मिनिटांत मी काय करावं? आणि पथक येण्याआधी आम्ही रहिवाशांनी इमारत शोधायची का?

फोन असेल तर ठेवू नका. बोलणाऱ्याला बोलतं ठेवा आणि जवळच्या माणसाला खुणेनं पोलिसांना फोन करायला सांगा. साधे प्रश्न विचारा: कधी फुटणार, कुठे आहे, दिसायला कसा आहे, कुणी ठेवला, का ठेवला. लोक उत्तरं देतात. धमकी देणाऱ्याला बोलायचंच असतं, ही माणसाची खोड आहे. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, स्वतःच्या भाषेत सारांश करू नका. 'बी विंगच्या जिन्याखाली' आणि 'जिन्यात कुठेतरी' यांत आमच्यासाठी तासाचा फरक आहे. मागे कसला आवाज येतोय, गाड्या, घोषणा, लहान मूल, यंत्र, तेही टिपा. ईमेल किंवा संदेश असेल तर पुसू नका, पुढे पाठवू नका, उत्तर देऊ नका. तसाच पोलिसांना दाखवा.

बहुतेक धमक्या पोकळ निघतात. ज्याला खरोखर माणसं मारायची असतात तो सहसा आधी कळवत नाही. पण पोकळ आहे हे ठरवणं तुमचं काम नाही. माझंही वर जाऊन पाहिल्याशिवाय नसायचं.

शोधण्याबद्दल: हात लावून शोधायचं नाही, नजरेनं जरूर शोधायचं. आमचा श्वान स्फोटकाचा वास ओळखतो, आमचं यंत्र धातू ओळखतं, पण तुमच्या मीटरच्या खोलीत रंगाचा रिकामा डबा नेहमीच असतो हे आम्हा कुणालाच ठाऊक नसतं. ते तुमच्या सफाईवाल्या बाईंना ठाऊक असतं. म्हणून धमकी आली की जिना झाडणारे, पहारेकरी, लिफ्ट दुरुस्तीला येणारा, या माणसांना हाताशी ठेवा. त्यांना 'तुम्ही मागे थांबा' म्हणून कुणी ढकलत असेल तर त्याला अडवा. माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत उपयोगी माहिती मला समितीच्या पदाधिकाऱ्यांपेक्षा झाडूवाल्यांनी दिली, आणि त्यांना कुणी पुढे बोलावलेलं नसायचं.

संशयास्पद काय म्हणायचं यासाठी ब्रिटनमधले पोलीस लोकांना तीन प्रश्न शिकवतात आणि ते मला फार पटतात. वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का? तिच्यावर उघडउघड संशय यावा असं, म्हणजे तारा, बॅटऱ्या, चिकटपट्ट्या, गळणारं काही दिसतंय का? आणि त्या जागी एरवी जे असतं त्याच्याशी ती जुळते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त तिथे राहणारा माणूस देऊ शकतो.

असं काही दिसलं तर तिथून दूर व्हा, इतरांना दूर करा आणि मगच फोन करा. वस्तूपासून १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये, असं ब्रिटिश मार्गदर्शन आहे. अंतराचा त्यांचा ढोबळ हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे: पाठीवरच्या पिशवीएवढी वस्तू असेल तर १०० मीटर, सुटकेस किंवा मोटार असेल तर २००, मोठी व्हॅन किंवा ट्रक असेल तर ४००. लिफ्ट वापरू नका. निघताना औषधं, चष्मा, फोन एवढंच घ्या आणि स्वतःच्या घरावर एक नजर फिरवा. काही परकं दिसलं तर खाली आल्यावर सांगा, काही दिसलं नाही तर तेही सांगा. 'तिसऱ्या मजल्यावरची चारही घरं पाहिली, काही नाही' या एका वाक्यानं आमचा खूप वेळ वाचतो.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. मागे इमारत रिकामी करायला लावली तेव्हा ते उठलेच नाहीत. म्हणाले, असल्या फोनांना मी भीत नाही, मरायचं तर माझ्या पलंगावर मरेन. शेवटी मी त्यांना सोडून खाली आलो. अजून ते मनात सलतं. पुन्हा तशी वेळ आली तर?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. सात मजली इमारत होती. 'रिकामी आहे' असं आम्हाला सांगण्यात आलं. दारं वाजवली होती, भोंगे लावले होते. मी चौथ्या मजल्यावर गेलो, लिफ्टसमोर ठेवलेल्या खोक्यापाशी. काम सुरू करणार, तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी. कानाचं यंत्र रात्री काढून ठेवायच्या, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. हिरव्या सुटातला, तोंड न दिसणारा एवढा मोठा माणूस दारात बघून त्या जागच्या जागी थिजल्या. त्यांच्या आणि खोक्याच्या मध्ये चार हात अंतर. मी हेल्मेटमधून बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. मी उघडा हात वर केला, आत जाण्याची खूण केली, दार ओढून घेतलं आणि दार व खोकं यांच्या मध्ये उभा राहिलो. मग वायरलेसवरून सांगितलं, तसे दोन जवान शेजारच्या बाल्कनीतून शिडी लावून आले आणि त्यांना काढलं. खोक्यात काही निघालं नाही. पण आत बॉम्ब असता, तर माझ्याबरोबर आजींचाही जीव गेला असता. शेजाऱ्यांना त्या ऐकू न येणाऱ्या आहेत हे माहीत होतं. सगळ्यांनी धरून चाललं की त्यांना दुसऱ्या कुणीतरी उतरवलं असेल. आणि मीही 'रिकामी आहे' या शब्दावर गेलो. ती चूक माझीही होती. त्यानंतर घरनिहाय यादी हातात आल्याशिवाय मी सूट चढवला नाही.

वडिलांसारखी माणसं सगळीकडे असतात. ३ सप्टेंबर २०१७ ला जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये दुसऱ्या महायुद्धातला, १.४ टन स्फोटक भरलेला ब्रिटिश बॉम्ब निकामी करायचा होता. त्यासाठी साठ हजारांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. पोलिसांनी घराघराची घंटा वाजवली, उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेली हेलिकॉप्टरं फिरवली. तरीही काही जण घर सोडायला तयार नव्हते आणि त्यांच्यापायी काम सुरू व्हायला उशीर झाला. खाली माणसं आहेत हे ठाऊक असताना कुणी तंत्रज्ञ अशा वस्तूला हात घालत नाही.

वडिलांना हेच सांगा. त्यांच्या जिवाची भीती घालू नका, ती त्यांना नाही आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांना सांगा की बाबा, तुम्ही पलंगावर आहात तोवर कुणाचा तरी मुलगा चाळीस किलो अंगावर घेऊन तुमच्या दाराबाहेर उभा आहे आणि तुम्ही उतरल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. वयस्क माणसं दुसऱ्याच्या लेकरासाठी उठतात, असा माझा अनुभव आहे.

आणि आजच, धमकीबिमकी काही नसताना, इमारतीची एक यादी करा. कोण चालू शकत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कोण एकटं राहतं, कुणाला उचलून न्यावं लागेल आणि ते कोण दोघं उचलतील. ही यादी सचिवांपाशी आणि पहारेकऱ्यापाशी असू द्या. तरीही कुणी आत राहिलंच, तर खाली आल्यावर पहिल्या पोलिसाला सांगा: अमुक मजला, अमुक दार, अमुक खोली. तुम्ही त्या दिवशी हे सांगितलं असेल तर तुम्ही वडिलांना 'सोडून' आला नव्हता.

मी सहावीत आहे. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला भीती वाटते का? आणि त्यानं बॉम्ब चावला तर?

बाळा, त्याला बॉम्ब म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याच्यासाठी तो एक वास असतो, आणि तो वास सापडला की आवडता चेंडू मिळतो, एवढा त्याचा खेळ. त्याला शिकवलेलं असतं की वास आला की गप बसायचं. खरोखर खाली बसायचं. भुंकायचं नाही, उकरायचं नाही, चावायचं तर मुळीच नाही. तो बसला की हँडलर त्याला मागे घेतो, चेंडू देतो आणि आम्हाला बोलावतो. तो थकला की त्याला विश्रांती देतात, कारण दमलेलं नाक चुका करतं. मी ज्या कुत्रीबरोबर काम केलं ती जिने चढताना नेहमी माझ्या पुढे दोन पायऱ्या असायची आणि वळणावर थांबून मागे बघायची, मी येतोय ना म्हणून. तिची आठवण अजून येते.

वस्तू लहान असेल तर एखाद्या धाडसी माणसानं ती उचलून मोकळ्या मैदानात नेऊन टाकली तर? किंवा पाण्याच्या बादलीत बुडवली तर? निदान इमारत तरी वाचेल.

नको. धाडसाबद्दल शंका नाही, पण हे करू नका.

४ जुलै १९४० रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ब्रिटिश दालनात एक बॅग सापडली. आतून टिकटिक ऐकू येत होती. तिथल्या माणसांनी ती उचलून हलवली, पुढे ती लोकांपासून दूर मोकळ्या जागी नेली. अगदी तुम्ही म्हणता तेच. बॉम्बपथकाचे जोसेफ लिंच आणि फर्डिनांड सोशा हे दोन डिटेक्टिव्ह तिथे तिच्यावर वाकून तपासत असताना ती फुटली आणि दोघेही जागीच गेले. ते शिकलेले, अनुभवी लोक होते. त्या काळी दूरवरून आत डोकावण्याची साधनं त्यांच्याजवळ नव्हती. आज आमच्याकडे एक्स-रे आहे, रोबो आहे, लांबून पाण्याचा जोरदार फवारा मारून वस्तूची जुळणी क्षणात उधळणारं डिसरप्टर आहे, आणि ही सगळी साधनं एकाच गोष्टीसाठी बनली आहेत: माणसाचा हात वस्तूला लागू नये.

वस्तू कशानं सुरू होते हे बाहेरून कळत नाही. काही घड्याळावर, काही हलवल्यावर, काही उघडल्यावर. पाण्यानं सगळं विझतं हा समज आहे. वाळूची पोतीही तिच्यावर टाकू नका. जी वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या आणि माणसं हलवा. इमारत पुन्हा बांधता येते.

आमच्याकडे धमकी आली तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत उभे राहून शूटिंग करत होते. मधे रस्ता होता, म्हणजे साठेक मीटर. तेवढं पुरेसं नाही का?

साठ मीटरवर काचेमागे उभं राहण्यापेक्षा त्याच साठ मीटरवर भिंतीमागे बसलेलं परवडलं. स्फोटात दूरच्या माणसांना इजा होते ती मुख्यतः काचांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी. दाबाची लाट अंतराबरोबर लवकर विरते, तुकडे मात्र लांब जातात. दाबाचा हिशेब हॉपकिन्सन नावाच्या ब्रिटिश अभियंत्यानं १९१५ मध्येच मांडला: स्फोटक आठपट झालं तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर मिळतो. म्हणजे अंतर हे फार मोठं हत्यार आहे, चार पावलं मागे सरकणंही वाया जात नाही. पण हा हिशेब उघड्या मैदानाचा. जिन्यात, बोळात, दोन इमारतींच्या मधल्या फटीत लाट भिंतींवर आपटून परत येते, एकाच दिशेनं धावते. तिथे अंतराचा भरवसा धरू नका.

फेब्रुवारी २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात महायुद्धातला हजार किलोचा जर्मन बॉम्ब सापडला. सुमारे २६०० घरं रिकामी केली, बॉम्बभोवती वाळूची भिंत उभारली आणि तो जागेवरच फोडला. एवढी तयारी करूनही आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या, भिंतींना तडे गेले आणि काही कुटुंबांना पुढे घरी परतता आलं नाही. पण माणूस एकही जखमी झाला नाही, कारण खिडकीत कुणी नव्हतं.

शूटिंगबद्दल एक शब्द. वस्तू ठेवणारा कुठूनतरी बघत असेल, तर आमचा माणूस आता कुठे पोचलाय हे त्याला तुमच्या फोनवरूनच कळतं. कृपा करून ते करू नका.

माझ्या नवऱ्याची नुकतीच बॉम्बनाशक पथकात निवड झाली आहे. तो खूश आहे. मी त्याच्यासमोर हसते आणि रात्री जागी राहते. तुमच्या घरी हे कसं निभावलं?

सूनबाई म्हणतो, राग मानू नका. माझा मुलगा तुमच्याच वयाचा असेल.

भीती जाईल असं खोटं सांगणार नाही. माझ्या बायकोची तेवीस वर्षांत गेली नाही. पण तुमचा नवरा काय शिकणार आहे ते सांगतो, कारण ते ऐकून तिला थोडं बरं वाटलं होतं. तो बॉम्बला भिडायला शिकणार नाही. तो प्रशिक्षणाचा मोठा भाग लांबून काम करायला, प्रश्न विचारायला, थांबायला शिकेल. 'आज मी वर गेलोच नाही, रोबोनं केलं' हे आमच्यात अभिमानानं सांगितलं जातं. घाई करणाऱ्याला वरिष्ठ सूट घालू देत नाहीत. तो घरी चिडचिडा येईल असे दिवस असतील, बहुतेक वेळा काहीच न सापडलेले दिवस. लोक दोरीपलीकडून 'उगाच त्रास दिला' म्हणून ओरडलेले असतात आणि त्याला उत्तर देता येत नाही. त्या दिवशी त्याला काही विचारू नका, पण झोपायच्या आधी एकदा विचारा.

आमच्या घरी एक ठरलेलं होतं. कामावर असताना तिनं फोन करायचा नाही, काहीही होवो. वाजणारा फोन मला नको होता. मी मात्र सूट उतरवला की पहिलं काम म्हणून तिला एक शब्द पाठवायचो: 'उतरलो'. बाकी काही नाही, कुठे होतो, काय होतं, काही नाही. रात्री तीनला असो, पहाटे असो. ती उत्तरात 'बरं' एवढंच लिहायची. सुरुवातीला मोबाइल नव्हते तेव्हा ठाण्यातून एकजण घरी फोन करून तोच शब्द सांगायचा. त्याला वाटायचं हा काहीतरी सांकेतिक निरोप आहे.

त्याची पहिली नेमणूक व्हायच्या आधी दोघं बसून तुमचा शब्द ठरवा. आणि तो येईपर्यंत बातम्यांचं चॅनल बंद ठेवा. त्यांना आमच्या आधी काहीही कळत नाही.